उलटा मग आणि माशाच्या दातातला एप्रन

१

लवॉन टेशने नोकरी सोडली, ही बातमी खुद्द लवॉनला सरकारी पत्रातून कळली.

अर्जदार स्वतःहून काम सोडून गेली, सबब बेकारी भत्ता नामंजूर. तिने ते पत्र वाचलं, अपिलाचा कागद भरून टाकला आणि कुणाला म्हणून काही सांगितलं नाही. सुनावणी उद्यावर येऊन ठेपली तेव्हा मात्र तिचा धीर सुटला, आणि बर्फ तुडवत ती डोरीन व्रोबेलच्या दारात येऊन उभी राहिली. डोरीनची उभी हयात बेकारी खात्यात गेली होती. भत्ता कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हेच तिचं काम. निवृत्त झाल्यावर इतर बायका गोधड्या शिवायला बसतात, ही बया लोकांची अपिलं लढवायची, तीही फुकट आणि मोठ्या हौसेनं.

"आत ये, दार लाव, गारठा आत येतोय," डोरीन म्हणाली. "उद्या सुनावणी आणि आज सांगतेस? तुला काय म्हणावं आता?"

"तुला कशाला त्रास, असं वाटलं."

"हेच. या तळ्याकाठची माणसं बुडतानासुद्धा हाक मारायची नाहीत. बस. हार्लनने तुला कमी केलं ते कोणत्या शब्दांत केलं?"

"शब्दांत कुठलं? माझा मग उलटा ठेवला."

डोरीनने मान डोलावली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. हार्लन ओस्मुंडच्या सपर क्लबात, म्हणजे तळ्याकाठच्या त्या जेवणाच्या आणि दारूच्या हॉटेलात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर छातीच्या उंचीला ज्याचा त्याचा कॉफीचा मग खुंटीला लटकलेला असतो. हंगाम संपला की हार्लन ज्याला कमी करायचं त्याचा मग काढतो आणि खिडकीत उलटा ठेवतो. वसंतात तो परत खुंटीवर दिसला की माणसाने कामावर यायचं. तोंडाने बोलायचं काम नाही. हार्लनच्या बापाने असंच केलं आणि हार्लनही असंच करत आला.

"ऑक्टोबरातला शेवटचा शुक्रवार," लवॉन म्हणाली. "शुक्रवारची माशांची गर्दी, तळून तळून जीव गेला होता. एप्रन मळक्या कपड्यांच्या पिंपात टाकला, कॉफी घ्यायला वळले, तर माझा मग खिडकीत उलटा. सगळ्यांचे मग आजवर उलटे झाले डोरीन, माझा कधी झाला नव्हता. मी मागल्या दाराने घरी गेले."

"त्याला विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? माणसाला काही मान असतो की नाही?"

डोरीनने कपाळाला हात लावला. मग तिने टेबलावरचे बिअरच्या ग्लासाखाली ठेवायचे पुठ्ठे ओढले आणि पाच पुठ्ठे ओळीने मांडले. "जिंकलीस तर किती मिळेल ते बघू. राज्य वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार तुकडे करतं. पूर्ण झालेले शेवटचे पाच तुकडे घ्यायचे, त्यातला सगळ्यात ताजा बाजूला सारायचा." तिने उजवीकडचा पुठ्ठा उचलला. "उरलेल्या चारांत जिथे सगळ्यात जास्त पगार, त्यातल्या शंभर डॉलरामागे चार, एवढा आठवड्याचा भत्ता. आता हा बाजूला गेलेला तुकडा कुठला?"

"यंदाचा उन्हाळा," लवॉन हळूच म्हणाली. "सगळी लग्नं, सगळे पर्यटक. मी दोन माणसांचं काम केलं."

"आणि हिशोबात धरलेला उन्हाळा गेल्या वर्षीचा."

"तेव्हा माझं मनगट मोडलं होतं. मी घरी बसून होते."

"म्हणजे जिंकलीस तरी चिमूटभर. हरलीस तर तेही नाही."

"हरले तर घर विकून ॲरिझोनाला बहिणीच्या सोफ्यावर झोपायचं," लवॉन म्हणाली. "घर गरम ठेवायच्या गॅसची टाकी तळाला लागलीय. मी एकाच खोलीत राहते सध्या."

डोरीनने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. "हार्लनने खात्याला काय सांगितलं?"

"की मी माशाला एप्रन लटकवून गेले."

"लटकवलास?"

"मरेन पण लटकवणार नाही."

आता खरी पंचाईत झाली. क्लबात दारूच्या काउंटरमागे भिंतीवर भुसा भरलेला हातभर लांब मस्की मासा आहे. जो आपणहून नोकरी सोडतो तो त्याच्या खालच्या दातांत एप्रन अडकवतो, रॉली त्याला एक ब्रँडी फुकट ओततो आणि विषय संपतो. नवा माणूस येऊन तो एप्रन घालीपर्यंत तो तिथेच लोंबतो. तेव्हा दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं. पण डोरीन दोघांनाही शाळेपासून ओळखत होती, आणि दोघांपैकी एकालाही धड थाप मारता येत नव्हती.

२

क्लबात दुपारी शुकशुकाट होता. हार्लन काउंटरशी बसून खिडकीबाहेरच्या गोठलेल्या तळ्याकडे बघत होता.

"रॉली, वरची ती बाटली दे," तो म्हणाला. रॉली म्हणजे सहा फुटी बारमन. त्याने हात वर करून बाटली काढली. हार्लनचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडला होता, आणि डावा तर त्याहून वाईट. कोट घालायलासुद्धा त्याला माणूस लागायचं.

डोरीनने वर पाहिलं. मस्की जबडा वासून होता, आणि त्याच्या दातांतून लांब पांढरा एप्रन लोंबत होता. ती स्टुलावर चढून बसली.

"लवॉनची वकिली करायला आलीस ना," हार्लन म्हणाला.

"वकील नाही मी. पण हो, तिच्या बाजूने आलेय."

"मग एक सांग मला. एवढी वर्षं एका चुलीशी काढली आम्ही दोघांनी. बायको गेली तेव्हा महिनाभर हिनेच जेवू घातलं मला. आणि जाताना एक शब्द नाही? शनिवारी सकाळी खाली आलो तर हे." त्याने हनुवटीने माशाकडे खूण केली. "काय चुकलं माझं, एवढं तरी सांगायचं."

"तू विचारायचंस."

"सोडून गेली ती, आणि मी विचारू?"

अगदी सारख्याला वारखे, डोरीनच्या मनात आलं. हार्लनचा आवाज दुखावलेला होता आणि तो नाटक करत नव्हता. तिने जरा पुढे झुकून विचारलं, "तू तिचा मग का उलटा केलास, हार्लन?"

हार्लनने बाटली बाजूला सारली.

"कोणाचा मग?" तो म्हणाला. "मी कोणाचाही मग उलटा केलेला नाही. जानेवारीपासून नवी चूल बसेपर्यंत क्लब बंद ठेवायचाय, तेव्हा सगळ्यांचेच करायचेत. ऑक्टोबरात मी खुंटीला हातसुद्धा लावला नाही."

३

डोरीन अशी काही स्वयंपाकघरात घुसली की कर्टच्या हातातला बटाटा खाली पडला. कर्ट हा दुसरा आचारी, तिशीतला. लवॉन गेल्यापासून चूल त्याच्याच ताब्यात होती.

"लवॉनचा मग कुठला?"

"तो निळा, कडेला बदक असलेला," कर्ट म्हणाला. "आम्ही कोणी हात लावत नाही त्याला."

निळा मग खुंटीवर सरळ लटकत होता. उलटा मग फक्त लवॉनने पाहिला होता, हार्लनने नाही. कोणीतरी तो तिच्यासाठी उलटा केला, ती गेल्यावर परत टांगला, आणि मग हार्लनसाठी माशाच्या दातांत एप्रन अडकवला. दोघांना दोन वेगळ्या खुणा. या दोघांना ओळखणाऱ्याला पक्कं माहीत होतं की हे एकमेकांना काही म्हणजे काही विचारणार नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं. सगळ्या मगांची तोंडं भिंतीकडे होती. एकट्या निळ्या मगाचं तोंड खोलीकडे होतं, थेट तळणीच्या कढयांसमोर.

"कर्ट, तुझा मग तू भिंतीकडे तोंड करून का टांगतोस?"

"म्हणजे काय? तेल उडतं ना. शुक्रवारी इथे उभं राहिलेला माणूस दुसऱ्यांदा चूक करत नाही."

डोरीनने निळ्या मगात बोट घालून फिरवलं. बोट चिकट आलं. आत तेलाचा पिवळट थर बसला होता, चांगला सहा आठवड्यांचा.

"हार्लन कसा टांगतो?"

"भिंतीकडेच. दहा वर्षं तो स्वतः तळत होता की. पण हे सगळं कशासाठी? मी तिची चूल हिसकावली असं वाटतंय ना तुम्हाला? खुशाल विचारा. मला चूल हवी होती, खोटं कशाला बोलू? पण ती अशी नको होती. मला अजून तिच्यासारखं पीठ भिजवता येत नाही, गिऱ्हाईक रोज तोंडावर सांगतं."

डोरीन उत्तर न देता परत बाहेर धावली. "रॉली, तो एप्रन खाली काढ. अलगद."

रॉलीने तो काढून तिच्या हातात दिला. तिने नाकाला लावला. साबणाचा आणि कपाटाचा वास. तिने तो काउंटरवर पसरला. मधोमध उभी घडी आणि तिला काटणारी आडवी घडी, धोब्याकडून आली तशीच्या तशी.

"शुक्रवारी रात्रभर मासे तळलेल्या बाईचा एप्रन," ती म्हणाली, "आणि त्यावर पिठाचा एक ठिपका नाही."

हार्लनने तो एप्रन उजव्या हाताने चाचपला, एकदा, दोनदा. त्याचा चेहरा उतरला. "सहा आठवडे हा माझ्या डोक्यावर लटकतोय," तो म्हणाला. "आणि मी एकदा मान वर करून नीट बघितलं नाही."

"आता बघ. आणि सगळ्यांना इथे बोलाव."

४

हार्लनची सून ब्रेना गल्ल्याच्या खोलीतून हसतमुखाने बाहेर आली. क्लबाचा जमाखर्च, कर, नोकरांचे पगार सगळं तीच बघायची. नव्या वर्षात ती आणि हार्लनचा मुलगा टॉड क्लब विकत घेणार होते. लवॉनच्या घरी ती दोनदा गरम जेवणाचं भांडं पोचवून आली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"बिचारी लवॉन," ती म्हणाली. "काही मदत होत असेल तर सांगा, डोरीन."

"होईल ना. बस अशी. रॉली, आधी तू. त्या शुक्रवारी तू लवॉनला ब्रँडी ओतलीस?"

"नाही," रॉली म्हणाला. "मी बार बंद करून गेलो तेव्हा माशाच्या दातांत काही नव्हतं. मला वाटलं, सकाळी येऊन लटकवून गेली असेल. वाईट वाटलं. माझ्या हातची एक घेऊन जायची होती."

"ऐकलंत? या उंच माणसाने खोटा एप्रन टांगला असता तर त्याला फक्त म्हणायचं होतं की हो, मी ओतली. उद्याची सुनावणी तिथल्या तिथे संपली असती. तो तसं म्हणाला नाही." डोरीन आता रंगात आली होती, तिचे गाल लाल झाले होते. "कर्टने हे केलं असतं तर एप्रन मळक्या कपड्यांच्या पिंपातला घेतला असता. तळणारा माणूस शुक्रवारचा एप्रन कोरा दाखवणार नाही, आणि मगाचं तोंड कढईकडे करणार नाही. हार्लनला तर हात खांद्याच्या वर नेता येत नाही, तो माशापर्यंत कसला पोचतोय."

"मग लवॉनच राहिली," ब्रेना म्हणाली. "रागात माणूस काहीही करतं. कपाटातून कोरा एप्रन काढला असेल."

"आणि स्वतःचाच मग तेलासमोर टांगून गेली? एवढी वर्षं तळणारी बाई?" डोरीनने मान हलवली. "आता असं बघा. लवॉनला नुसतं घालवायचं असतं तर उलटा मग पुरेसा होता. ती मुकाट्याने गेलीच. मग एप्रन कशाला? त्या एप्रनने कोणाचं काय साधलं?"

तळ्यावर बर्फ तडकल्याचा आवाज आला.

"मी सांगते. तुमचा दोष नसताना काम गेलं, अंगात ताकद आहे, दुसरं काम शोधताय, तर राज्य भत्ता देतं. सबळ कारण नसताना आपणहून सोडलंत तर देत नाही. आणि दिलेला भत्ता ज्या मालकाने पगार दिला त्याच्या खात्यावर मांडला जातो. जितका मांडला, तितका पुढे त्याच्या बेकारी कराचा दर चढतो. धंदा घरातल्या घरात विकला तरी तो दर नव्या मालकाच्या मागे येतो. माणूस आपणहून गेलं तर खात्याला ओरखडा नाही." तिने श्वास घेतला. "उलटा मग आणि माशाचा एप्रन यात फरक पडतो तो फक्त कर भरणाऱ्याला. कर्टला नाही, रॉलीला नाही."

"हार्लनलाही पडतो," ब्रेना म्हणाली. तिचं हसू अजून जागेवर होतं, पण हात एप्रनच्या घडीवरून उगीच फिरत होते.

"पडतो. पण हार्लन तर जानेवारीत सगळ्यांचे मग उलटे करणारच होता. लवॉनचाही. तेव्हा भत्ता द्यावाच लागला असता, आणि तोही यंदाच्या उन्हाळ्यावर. जानेवारी उजाडला की एक तुकडा पुढे सरकतो आणि तिचा तो भरघोस उन्हाळा हिशोबात येतो. हार्लनला यातलं ओ की ठो कळत नाही, तो मला वीस वर्षं विचारतोय की कर कुठल्या खिडकीत भरायचा. नवं वर्ष लागायच्या आत लवॉनने जायला हवं, आणि आपणहून गेली असं दिसायला हवं, हे ज्याला कळतं ते माणूस पगार बघतं, कर भरतं, आणि क्लब विकत घेतंय. आणि त्याने आयुष्यात एकही मासा तळलेला नाही."

ब्रेनाचे हात थांबले.

"पोरी," हार्लन फक्त एवढंच म्हणाला.

तिने एप्रन घडीवर दुमडून बाजूला सारला. "सगळ्यात मोठा पगार तिचा," शेवटी ती म्हणाली. "नवी चूल, छप्पर, बँक. त्यात दर चढला तर आम्ही पहिल्याच वर्षी बुडतो, असं मांडून बघितलं मी. मला वाटलं, ती बहिणीकडे जाईल. ऊब आहे तिकडे. मला वाटलं, कोणाचं काही बिघडणार नाही."

"ती एका खोलीत राहतेय," डोरीन म्हणाली. "बाकीच्या घरातली उष्णता बंद करून. तू जेवण घेऊन गेलीस तेव्हा दिसलं असेल तुला."

ब्रेनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोरीनला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिने लपवले नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी सुनावणीसाठी न्यायाधीशबाईंनी फोन लावला तेव्हा त्यांना दोन वेगळ्या ठिकाणी फोन करावे लागतील असं वाटलं होतं. पण अर्जदार आणि मालक एकाच टेबलाशी बसले होते, मध्ये फोन ठेवून. दोघांमध्ये निळा मग होता, घासून लखलखीत.

"श्री. ओस्मुंड, श्रीमती टेश यांनी नोकरी सोडली का?"

"नाही, बाई."

"मग तुम्ही त्यांना कमी केलं?"

"तेही नाही."

"मग त्या सहा आठवडे कामावर का नाहीत?"

हार्लनने घसा खाकरला. त्याने सगळं सांगितलं, मग, मासा, कोरा एप्रन, सून. लाजेने त्याचे कान लाल झाले होते, पण एक अक्षर गाळलं नाही. शेवटी ब्रेनाने स्वतः फोनजवळ येऊन सांगितलं की मीच केलं. न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं की मासा म्हणजे खराखुरा मासा का.

"नामंजुरीचा निर्णय रद्द," त्या म्हणाल्या. "अर्जदाराचं काय म्हणणं?"

डोरीनने लवॉनला कोपर मारलं. लवॉन पुढे झुकली. "मी अजून एक पैही उचललेली नाही. मला हा अर्ज मागे घ्यायचाय."

"त्या सहा आठवड्यांचा तिचा पगार मी देतोय," हार्लन म्हणाला. "आणि ती आजपासून कामावर आहे. तिला यायचं असेल तर." मग त्याने पहिल्यांदा लवॉनकडे वळून विचारलं, "येशील?"

"हे तू ऑक्टोबरात विचारलं असतंस तर," लवॉन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "येते."

त्या शुक्रवारी तळणीशी दोन नवे हात होते. माशाच्या दातांतला तो कोरा एप्रन ब्रेनाने स्वतः घातला होता, आणि नव्या वर्षापर्यंत रोज तो घालायचा असा हार्लनचा हुकूम होता. क्लबाची विक्री वर्षभर पुढे गेली ती वेगळीच. पहिल्या तासात तिच्या मनगटावर तेल उडालं. लवॉनने काही न बोलता तिचा हात गार पाण्याखाली धरला, मग तिचा मग खुंटीवर भिंतीकडे तोंड करून टांगून दाखवला.

"आता कळलं का?" कर्ट म्हणाला.

"कळलं," ब्रेना म्हणाली.

जानेवारी उजाडला. क्लबाच्या छपरावर माणसं चढली, जुनी चूल दारातून बाहेर गेली. हार्लन स्वयंपाकघरात आला आणि एकेक मग काढून खिडकीत उलटा ठेवायला लागला. निळ्या मगापाशी तो थबकला. दाराशी डोरीन छातीवर हात बांधून उभी होती, आणि तिने मुद्दाम मोठ्याने खाकरलं.

हार्लनने मग हातात घेतला, पण ठेवला नाही. "लवॉन," तो म्हणाला, आणि बापजाद्यांच्या पद्धतीला फाटा देताना त्याला घाम फुटला. "क्लब बंद होतोय. काम नाही म्हणून मी तुला कमी करतोय. तुझा काही दोष नाही. ईस्टरला चूल सुरू होईल, तेव्हा तू मला इथे हवी आहेस."

"रॉली, ऐकलंस?" लवॉनने विचारलं.

"ऐकलं. सही करून देतो."

"आणखी एकदा म्हण, हार्लन."

"आता पुरे झालं हं," हार्लन म्हणाला, पण तो हसत होता.

डोरीनने काउंटरवरचे पाच पुठ्ठे आधीच ओळीने मांडून ठेवले होते. जुना अर्ज मागे घेतला होता, म्हणून आता नव्या अर्जाला नवा हिशोब लागू होता. तिने उजवीकडचा ताजा पुठ्ठा उचलून बाजूला केला. उरलेल्या चारांत आता लवॉनचा तो उन्हाळा होता, लग्नांचा, पर्यटकांचा, दोन माणसांच्या कामाचा. लवॉनने त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग तिने फोन काढून गॅसवाल्याला लावला आणि म्हणाली, टाकी पूर्ण भरून दे, मला सगळ्या खोल्या उघडायच्या आहेत.